आवाज आधी, चित्र नंतर : इंग्रजीच्या आभासी वर्गासाठी मंचाची निवड

दुर्ग जिल्ह्यातील उतई हे भिलाईच्या दक्षिणेला वसलेले नगर पंचायतीचे गाव. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे त्याचे नाव देशभरच्या जवानांना ठाऊक असते. एरवी भिलाई पोलाद कारखान्याच्या परिसरातील अनेक वस्त्यांपैकी ती एक. या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये, आणि पहिली झोतभट्टी सुरू झाली ती फेब्रुवारी १९५९ मध्ये. त्या काळात विदर्भातून जी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली, त्यांना हा मुलूख अगदीच परका वाटण्याचे कारण नव्हते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दुर्गची राजधानीही नागपूरच होती. या कुटुंबांतील आजची मुले घरी मराठी, शाळेत हिंदी आणि शेजारी छत्तीसगढी बोलतात, आणि त्यांच्या पालकांना आता इंग्रजीची ओढ लागलेली आहे. छत्तीसगढ शासनाने २०२० मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या शासकीय शाळा सुरू केल्या, त्यामागेही हीच ओढ होती.

अशा गावातील एखादी निवृत्त शिक्षिका घरातूनच इंग्रजीचे वर्ग चालविण्याचे ठरविते, असे समजू. त्यांच्याकडे एक लॅपटॉप आहे, घरात ब्रॉडबँडची जोडणी आहे आणि शिकविण्याचा दांडगा अनुभव आहे. विद्यार्थी मात्र दोन तऱ्हेचे असणार. काही उतई आणि आसपासच्या खेड्यांतील हिंदी माध्यमाची मुले, तर काही नागपूर-पुण्याकडील नात्यागोत्यांतून आलेली मराठी मुले. वर्ग कोणत्या मंचावर घ्यावा, हा त्यांच्यापुढील पहिला प्रश्न. मंच म्हणजे येथे ती संगणकीय सेवा, जिच्यावर शिक्षक व विद्यार्थी एकमेकांना पाहू-ऐकू शकतात, फळा वापरू शकतात आणि गटागटाने बोलू शकतात. बाजारात असे मंच पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या माहितीपत्रकात सुविधांची लांबलचक यादी असते. ती यादी वाचून निवड करणे म्हणजे दुकानातील दिव्याच्या उजेडात साडीचा रंग पसंत करण्यासारखे आहे. मंच शिक्षकाच्या लॅपटॉपवर कसा दिसतो याला फारसे महत्त्व नाही. वर्गातील सर्वांत साध्या फोनवर, सर्वांत क्षीण जोडणीवर तो कसा ऐकू येतो, यावर इंग्रजीच्या वर्गाचे यशापयश ठरते.

दारापर्यंत आलेले शिक्षण

याचा अनुभव छत्तीसगढने मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. करोनाच्या टाळेबंदीत, ७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’ ही योजना सुरू केली. छत्तीसगढीतील या नावाचा अर्थ ‘शिक्षण तुमच्या दारी’. संकेतस्थळावर पाठ आणि चित्रफिती आल्या, थेट ऑनलाइन वर्गही सुरू झाले. परंतु दारापर्यंत आलेले शिक्षण उंबरठा ओलांडून आत येण्यासाठी घरात स्मार्टफोन, फोनमध्ये डेटा आणि गावात नेटवर्क या तीनही गोष्टी एकाच वेळी हाताशी असाव्या लागतात. जेथे त्या नव्हत्या तेथे त्याच वर्षी मोहल्ल्यांतील वर्ग भरले, ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले गेले, आणि ‘बुलटू के बोल’ नावाचा एक कल्पक उपक्रम पुढे आला. ‘बुलटू’ हे ब्लूटूथचे लोकांच्या तोंडी रुळलेले रूप. ध्वनिमुद्रित पाठ एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ब्लूटूथने द्यावयाचे. इंटरनेटची गरज नाही, साधा फोनही चालतो.

ध्वनिक्षेपक काय किंवा बुलटू काय, या पर्यायांत चित्र गळून पडले आणि आवाज टिकला. भूमितीच्या शिक्षकाला हे परवडणार नाही. भाषेच्या शिक्षकाला मात्र यातून पुढचा रस्ता दिसतो.

कानाचा हिशेब

इंग्रजीच्या काही व्यंजनांची ओळख त्यांच्या फार उंच कंपनांत दडलेली असते. ‘सॅट’मधील स आणि ‘फॅट’मधील फ यांतील भेद करणारी ध्वनिऊर्जा बहुतांशी सेकंदाला ४,००० कंपनांच्या वर असते. जुन्या पद्धतीचा दूरध्वनी मात्र साधारण ३०० ते ३,४०० कंपनांच्या पट्ट्यातीलच आवाज वाहून नेई. म्हणूनच दूरध्वनीवर इंग्रजी नावाची अक्षरे सांगताना ‘एस फॉर शुगर’, ‘एफ फॉर फादर’ असे म्हणण्याची पाळी सर्वांवर येत असे. (‘शुगर’चे उदाहरण किती गैरसोयीचे, हे त्यातील पहिले अक्षर उच्चारून पाहिल्यावर कळते.) इंटरनेटवरून चालणाऱ्या आजच्या मंचांना ही मर्यादा नाही. २०१२ मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेलेली ओपस ही ध्वनिसंकेतन पद्धती २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज नेऊ शकते. म्हणजे फोन चांगला आणि जोडणी बरी असेल, तर आभासी वर्गातील स आणि फ दूरध्वनीपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येतात. जोडणी क्षीण झाली की मंच गुपचूप आवाजाची प्रत उतरवितो, आणि नेमकी हीच वरची कंपने प्रथम नाहीशी होतात. वाक्याचा अर्थ कळतो, उच्चार कळत नाही. शिक्षकाला वाटते मुलगा चुकला, मुलाला वाटते बाईच तसे म्हणाल्या.

दुसरा अडथळा गोंगाट गाळण्याच्या सोयीचा. पंखा, रस्ता, स्वयंपाकघर यांचे आवाज मंच आपोआप दाबून टाकतात. ही सोय उपकारक खरी. पण सळसळणारा पंखा आणि लांबविलेला स यांत यंत्राला नेहमीच फरक कळतो असे नाही. झूमसारख्या मंचात हे गाळणे बंद करून मूळ आवाज पाठविण्याची सोय असते. उच्चाराच्या पाठापुरती ती वापरावी. यापेक्षाही मोठा फरक मायक्रोफोन असलेल्या साध्या तारेच्या इअरफोनने पडतो, कारण त्यामुळे मायक्रोफोन तोंडाजवळ येतो आणि खोलीचा घुमारा कमी होतो. महागड्या मंचाच्या वर्गणीपेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याकडे असा इअरफोन आहे की नाही याची चौकशी शिक्षकाने आधी करावी, हे उत्तम.

तिसरी गोष्ट विलंबाची. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्याहून विलंब वाढला की दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. शाळेतील वर्गात सर्व मुलांनी एका सुरात शब्द म्हणण्याची जी जुनी आणि चांगली रीत आहे, ती ऑनलाइन वर्गात याचमुळे चालत नाही. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो, शिवाय मंच एका वेळी एखाद-दुसऱ्या आवाजालाच पुढे येऊ देतो. त्यावर तोड अशी, की सर्वांनी मायक्रोफोन बंद ठेवून आपापल्या घरी मोठ्याने म्हणावे आणि एकाचाच मायक्रोफोन उघडा असावा. तो कोणाचा, हे दर वेळी बदलावे.

उतईच्या वर्गात याला भाषेचा आणखी एक पदर आहे. मराठी लिपीत इंग्रजीतील दोन निराळे ध्वनी ‘व्ह’ आणि ‘व’ असे वेगळे लिहिण्याची चाल रूढ आहे. ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी आणि ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम. मराठी मुलाचा उच्चार तंतोतंत नसला तरी येथे दोन ध्वनी आहेत हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक असते. हिंदीत दोन्हींसाठी ‘व’च लिहितात. छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला शिवाय ‘श’ आणि ‘स’ यांतील भेदाची सवय कमी, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘सिप’ त्याच्या तोंडी एकच होतात. हे शेवटचे दोष कानाने सुधारावयाचे. ‘व्ह’ आणि ‘व’ मात्र ओठांवर दिसतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. याचा अर्थ असा, की कॅमेऱ्याची खरी गरज शिक्षकाला आहे, तीही तासातील काही मिनिटेच. विद्यार्थ्यांनी तासभर कॅमेरा चालू ठेवावा हा आग्रह शिस्तीपोटी धरला जातो, शिक्षणापोटी नव्हे. आणि त्याची किंमत डेटाच्या रूपाने पालक मोजतात.

दीड जीबीत किती तास?

ती किंमत किती, हे मांडून पाहण्याजोगे आहे. झूमने आपल्या तांत्रिक माहितीत दिलेल्या आकड्यांनुसार आवाजासाठी सेकंदाला ६० ते ८० किलोबिट आणि केवळ पडदा दाखविण्यासाठी ५० ते ७५ किलोबिट पुरतात. समूहातील चांगल्या प्रतीच्या चित्रासाठी मात्र पाठविताना १ मेगाबिट आणि स्वीकारताना ६०० किलोबिट लागतात. आता एका विद्यार्थ्याचा तासाचा हिशेब करू. दोन्ही बाजूंचे कॅमेरे चालू असतील तर सुमारे ७२० एमबी खर्च होतात. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या योजनेत जेमतेम दोन तास बसतात, आणि घरातील इतरांसाठी काही उरत नाही. विद्यार्थ्याने कॅमेरा बंद ठेवला व केवळ आवाज आणि शिक्षकाचा पडदा एवढेच घेतले, तर तोच तास सुमारे ७० एमबीत होतो. उच्चाराच्या पाठासाठी शिक्षकाने पंधरा मिनिटे चेहरा दाखविला तरी एकूण आकडा १४० एमबीच्या आसपास राहतो. पहिल्या आकड्याचा हा पाचवा हिस्सा.

घरात फोन एकच असेल तर डेटाइतकाच वेळेचा प्रश्न येतो. कारखान्याच्या पाळ्यांवर चालणाऱ्या घरात तो फोन वडिलांबरोबर दुपारपाळीला गेला की मुलीचा संध्याकाळचा वर्ग बुडालाच. यावर कोणत्याही मंचाकडे उपाय नाही. उपाय असतो तो वेळापत्रकात, आणि वर्ग चुकलेल्यांसाठी व्हॉट्सअॅपवर पाठविलेल्या पाच मिनिटांच्या आवाजी संदेशात. शिक्षिकेने म्हटलेली दहा वाक्ये ऐकून मुलीने रात्री ती आपल्या आवाजात परत पाठविली, तर बुडालेल्या तासातील पुष्कळसा भाग भरून निघतो.

मंच कोणकोणते

झूम हे नाव २०२० नंतर घरोघरी पोहोचले. त्याच्या विनामूल्य योजनेत १०० जणांपर्यंत सहभागी होता येते, मात्र बैठक ४० मिनिटांत संपते. २०२२ पासून ही मर्यादा दोघांच्या बैठकीलाही लागू आहे. ४० मिनिटांची अट ऐकून अनेक जण नाक मुरडतात. वास्तविक शाळेचा तासही साधारण तेवढाच असतो, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाने पडद्यापुढे त्याहून अधिक बसू नये हे बरेच. झूमचे खरे बलस्थान उपकक्षांत, म्हणजे ब्रेकआउट रूममध्ये आहे. ही सोय विनामूल्य योजनेतही मिळते. भाषेच्या वर्गात तिचे मोल किती, हे साध्या गणिताने कळते. बारा विद्यार्थ्यांच्या ४० मिनिटांच्या वर्गात शिक्षिका १६ मिनिटे बोलल्या, तर उरलेल्या २४ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला दोनच मिनिटे बोलणे येते. त्याऐवजी त्याच २४ मिनिटांत दोघादोघांच्या सहा जोड्या वेगळ्या उपकक्षांत बसविल्या, तर प्रत्येकाला बारा मिनिटे मिळतात. बोलल्याशिवाय भाषा येत नाही हे मान्य असेल, तर ही एक सोय फळा, चाचण्या, टाळ्यांची चित्रे या सर्वांहून मोठी आहे. तथापि उपकक्ष हाताळण्यासाठी शिक्षकाकडे संगणक असणे इष्ट. फोनवरून हे काम त्रासाचे होते.

गूगल मीट मे २०२० पासून सर्वांसाठी विनामूल्य झाले. तिघे वा अधिक असतील तर ६० मिनिटांची आणि १०० जणांची मर्यादा आहे. दोघांच्या संभाषणाला अशी तासाभराची मर्यादा नसल्याने एकेका विद्यार्थ्याला स्वतंत्र शिकविणाऱ्यांना ते विशेष सोयीचे पडते. अँड्रॉइड फोनवर गूगलचे खाते बहुधा आधीच असते, त्यामुळे पालकांना नवे काही उघडावे लागत नाही. मात्र विनामूल्य वैयक्तिक खात्यात उपकक्षही नाहीत आणि ध्वनिचित्रमुद्रणही नाही. इंग्रजी बोलण्याचे शब्द पडद्याच्या तळाशी आपोआप उमटविण्याची सोय मीट व झूम या दोन्हींत आहे. ऐकून न समजलेला शब्द डोळ्यांना दिसला की मुलाला धीर येतो, यात शंका नाही. पण कानाचे काम डोळे करू लागले की कान आळसावतो. ऐकण्याच्या पाठात ही अक्षरे बंदच ठेवावीत. भारतीय नावांची तर ते यंत्र जी दशा करते, ती पाहून वर्गात हशा पिकतो आणि पाठ बाजूला राहतो.

मायक्रोसॉफ्ट टीम्सची विनामूल्य आवृत्ती तासाभराची आणि १०० जणांची आहे. ज्या शाळेने ते संस्थेच्या पातळीवर घेतलेले आहे तेथे ते उत्तम चालते. घरून दहा-बारा मुले शिकविणाऱ्याला त्याचा पसारा जड वाटतो. जित्सी मीट हा मुक्तस्रोत मंच पूर्वी कोणतेही खाते नसताना वापरता येई. ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या सार्वजनिक सेवेवर बैठक सुरू करणाऱ्याला खात्याने प्रवेश करावा लागतो. बाकीच्यांना दुवा पुरतो.

यांहून वेगळा, आणि खास वर्गासाठीच घडविलेला मंच म्हणजे बिगब्ल्यूबटन. कॅनडातील ओटावा येथील कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये त्याची सुरुवात झाली. इतर मंच मूळचे कार्यालयीन बैठकांसाठी जन्मले आणि नंतर शाळेत आले. याची रचना पहिल्यापासून फळा, प्रश्न, उपकक्ष आणि पाठाचे मुद्रण यांभोवती आहे. तो ब्राउझरमध्ये चालतो, म्हणजे विद्यार्थ्याला फोनवर वेगळे अॅप घ्यावे लागत नाही. साठवणीची जागा नेहमीच भरलेल्या स्वस्त फोनवर हा मोठाच लाभ. मूडल या सुप्रसिद्ध मुक्त शिक्षणप्रणालीत २०२२ च्या आवृत्तीपासून तो अंगभूत आहे. वेळेची मर्यादा नाही, परवान्याचे मूल्य नाही. मग सर्वांनी तोच का घेऊ नये? कारण तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवावा लागतो, आणि त्या सर्व्हरसाठी १६ जीबी स्मृती व आठ गाभ्यांचा प्रोसेसर यांची शिफारस केलेली आहे. तो भाड्याने घ्यावयाचा, सांभाळावयाचा, बंद पडला की रात्री उठून सुरू करावयाचा. फुकट मिळालेल्या हत्तीचा चारा रोज विकत आणावा लागतो. एकट्या शिक्षिकेने या वाटेला जाऊ नये. पाच-सहा शिक्षकांनी किंवा एखाद्या संस्थेने मिळून खर्च वाटून घेतला आणि संगणकाचा जाणकार हाताशी असला, तर मात्र याच्याइतका भाषाशिक्षकाच्या मनासारखा मंच दुसरा नाही.

मंच जातात, पाठ राहावेत

इंग्रजी ऑनलाइन शिकविण्याच्या अल्पशा इतिहासातही कितीतरी नावे आली आणि गेली. इल्युमिनेट हा शिक्षकांच्या पसंतीचा मंच २०१० मध्ये ब्लॅकबोर्ड कंपनीने विकत घेतला व त्याचे नाव संपले. सुगत मित्र यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधील स्वयंसेवकांना केलेल्या आवाहनातून ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणजे ‘आजींचा मेघ’ उभा राहिला. या आज्या स्काइपवरून भारतातील मुलांशी इंग्रजीत गप्पा मारीत, गोष्टी वाचून दाखवीत. मित्र यांना २०१३ मध्ये मिळालेल्या दहा लाख डॉलरांच्या टेड पुरस्कारातून जी केंद्रे उभारली गेली, त्यांत महाराष्ट्रातील फलटणचाही समावेश होता. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनीही मुलांना स्काइपवरून दूरदूरच्या शाळांशी जोडले होते. तो स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाला. गूगलचा जॅमबोर्ड हा फळाही २०२४ च्या अखेरीस मिटला, आणि त्यावर पाठ लिहून ठेवलेल्यांना ते वेळेत उतरवून घ्यावे लागले.

याहून कठीण प्रसंग चीनमधील व्हीआयपीकिड या कंपनीसाठी शिकविणाऱ्यांवर ओढवला. उत्तर अमेरिकेतील हजारो शिक्षक या कंपनीच्या मंचावरून चिनी मुलांना एकास-एक इंग्रजी शिकवीत असत. जुलै २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि तेथील मुलांसाठी परदेशस्थ शिक्षकांचे वर्ग थांबले. विद्यार्थी कंपनीचे, पाठ कंपनीचे, मंचही कंपनीचा; शिक्षकांकडे उरला तो अनुभव. म्हणून विद्यार्थ्यांची यादी आणि पालकांचे क्रमांक शिक्षकाने स्वतःकडे ठेवावेत, पाठ साध्या पीडीएफ व ध्वनिफितींच्या रूपात आपल्या संगणकावर आणि एका प्रतीत अन्यत्र जपावेत. मंचाकडे केवळ तासापुरते जावे.

दाराची कडी

१६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने झूम सुरक्षित नसल्याचा इशारा देऊन ते वापरणाऱ्यांसाठी सूचना प्रसृत केल्या होत्या. बैठकांत आगंतुक शिरण्याचे प्रकार तेव्हा गाजत होते. झूमने त्याच सुमारास पासवर्ड व प्रतीक्षाकक्ष या गोष्टी पहिल्यापासूनच चालू ठेवण्याची व्यवस्था केली. त्या सूचना आज कोणत्याही मंचाला लागू पडतात: दुवा सार्वजनिक ठिकाणी टाकू नये, नाव पाहूनच आत घ्यावे, सर्व आले की दार बंद करावे, पडदा दाखविण्याचा अधिकार शिक्षकाकडेच असावा. मुलांच्या वर्गाचे मुद्रण करावयाचे असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानलेले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक धरलेली आहे; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

एक धोका शिक्षकाच्या स्वतःच्या खिशाचा. फोनचा पडदा वर्गाला दाखवीत असताना बँकेचा संदेश आला, तर त्यातील ओटीपी बारा घरांत दिसतो. पडदा दाखविताना संपूर्ण फोन न दाखविता केवळ लागेल तेवढी फाइल दाखवावी, सूचना बंद ठेवाव्यात, आणि बँकेचे अॅप त्या वेळी उघडूच नये. ‘वर्गात प्रवेश घ्यावयाचा आहे, शुल्क पाठविले आहे, फक्त पिन टाका’ असे सांगणाऱ्या अनोळखी पालकापासून सावध राहावे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

वर्गणी आणि शुल्क

विनामूल्य योजनेवर दोन-तीन महिने काढल्याखेरीज वर्गणी भरू नये, आणि भरलीच तर आधी महिन्याची भरावी. वार्षिक वर्गणीतील सवलत मोहक असते. पण मे-जूनच्या सुट्टीत वर्ग बंद राहतात आणि पैसे चालूच राहतात. परदेशी कंपनीची वर्गणी डॉलरमध्ये असेल तर चलनबदलाचा आकार आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून जाहिरातीतील आकडा बराच फुगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व ऑनलाइन व्यवहारांची सोय ग्राहकाने मागितल्याशिवाय चालू नसते. ती लागेल तेवढ्याच मर्यादेने उघडावी. दरमहा आपोआप होणाऱ्या वजावटीसाठी ऑक्टोबर २०२१ पासून ग्राहकाची पूर्वनोंदणी आवश्यक आहे व वजावटीपूर्वी किमान २४ तास सूचना येते. ती सूचना वाचण्याची सवय ठेवली, तर विसरलेली वर्गणी वर्षभर जात राहत नाही.

शुल्क घेण्यासाठी स्वतंत्र बचत खाते ठेवणे हिशेबाच्या दृष्टीने सोयीचे. शिकवणी वर्गांच्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. घरगुती वर्गाला बहुधा एवढी मजल गाठावी लागत नाही, तरी पावती द्यावी. पालकांचा विश्वास तिच्यावर बसतो.

शब्दांच्या जोड्यांची परीक्षा

मंच निश्चित करण्यापूर्वी करावयाची एक चाचणी अगदी सोपी आहे आणि तिला खर्च नाही. इंग्रजीतील एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या वीस जोड्या लिहाव्यात: थिन आणि सिन, फॅट आणि सॅट, शिप आणि सिप, व्हेस्ट आणि वेस्ट. विद्यार्थ्याने आपल्या नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून आणि नेहमीच्या वेळी वर्गात यावे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात सारे गाव फोनवर असते, तेव्हाचाच निकाल खरा. शिक्षिकेने कॅमेरा बंद ठेवून प्रत्येक जोडीतील एक शब्द म्हणावा व विद्यार्थ्याने ऐकलेला शब्द कागदावर लिहावा. मग भूमिका बदलाव्यात. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी शब्दांचा क्रम बदलून दुसऱ्या मंचावर घ्यावी. आठवड्याभरात दोन-तीन मंचांचे गुण समोर येतात, आणि ते माहितीपत्रकातील सुविधांच्या यादीशी क्वचितच जुळतात.

गावातल्या गावात राहणाऱ्या एक-दोन मुलांना मात्र त्याच जोड्या एकदा घरी बोलावून, समोर बसवूनही ऐकवाव्यात. व्हेस्ट आणि वेस्ट समोरासमोरही चुकत असतील, तर मंच बदलून उपयोग नाही. ती जोडी पुढच्या आठवड्याच्या पाठात, आणि कॅमेरा चालू ठेवून, घ्यावी लागेल.